हात गार, मान गरम

“बाळ केवढं आहे?” दुकानातल्या मुलीनं विचारलं आणि जपूनरावांनी दोन्ही हात पुढे करून, गळाला लागलेल्या माशाची लांबी सांगताना माणसं दाखवतात तसं हवेत एक अंतर दाखवलं. मग ते त्यांना स्वतःलाच जास्त वाटलं, म्हणून हात थोडे जवळ आणले; मग फारच जवळ आल्यासारखे वाटले. मुलगी त्या लांब-आखूड होणाऱ्या बाळाकडे काही वेळ आदरानं बघत राहिली. “काका, वय विचारतेय मी,” ती म्हणाली. “वय होय! चार महिने. म्हणजे, होतील आता.” “आणि झोपतं कसं?” “छान झोपतं.” “छानच झोपतात हो सगळी. अंगावरचं लाथा मारून काढून टाकतं, की घातलं तसं पडून राहतं?” यावर जपूनरावांचा पाय जिन्यात नसलेल्या पायरीवर पडावा तसं झालं. नातीला त्यांनी चांगलं पाच-सहा वेळा पाहिलं होतं, मांडीवर घेतलं होतं, तिनं त्यांचा चष्मा ओढला होता. पण झोपलेली अशी पाहिली नव्हती. ते येणार म्हटलं की लेक तिला उठवून, तोंड पुसून, बाहेरच्या खोलीत आणून दाखवायची आणि तिचे डोळे मिटायला लागले की “आता झोपेल हं ती” असं म्हणायची. हे वाक्य बाळाबद्दल नसून पाहुण्याबद्दल असतं, हे कळण्याइतके पावसाळे जपूनरावांनी पाहिले होते. ते उठून चपला घालायचे. म्हणजे ज्या अवस्थेतल्या बाळासाठी पांघरूण घ्यायचं, त्या अवस्थेतल्या बाळाशी त्यांची ओळखच नव्हती. “बघून सांगतो,” ते म्हणाले, आणि कुठं बघणार होते कोण जाणे, पण त्यांनी मागं वळून बघितलं.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना कचेरीनं ठेवलं होतं, आणि निवृत्त होताना घड्याळ, नारळ वगैरे काही न देता तेवढं बरोबर नेऊ दिलं होतं. कचेरीचा धंदा पट्ट्यांचा होता. गादी, उशी, पांघरूण, झबलं, कशाच्याही शिवणीत एक चिंचोळी पांढरी पट्टी अडकवलेली असते आणि तिच्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. ते काहीतरी जपूनराव लिहायचे. जपून धुवा, जपून पिळा, विस्तवाजवळ जपून. साऱ्या हयातीत त्यांनी एकही गादी हातानं दाबून पाहिली नव्हती. कारखान्यांकडून कागद यायचा, कागदावरून मजकूर व्हायचा. आताही ते दुकानात पांघरूण उचलत आणि थेट त्याचा कोपरा धुंडाळायला लागत. “काका, कापड बघा ना, हात फिरवून बघा. कोपऱ्यात काय पडलंय?” मुलगी म्हणाली. कोपऱ्यात जपूनराव पडले होते. पिवळ्या रंगाच्या, बदकं काढलेल्या त्या पांघरुणाच्या पट्टीवर शेवटची ओळ होती, ‘बाळाला यात एकटे सोडू नये.’ वाक्य त्यांनी ताबडतोब ओळखलं. हे त्यांनी मुळात प्लॅस्टिकच्या टबासाठी लिहिलं होतं, आंघोळीच्या. वरच्या साहेबांना ते फार आवडलं. “काय माया आहे हो वाक्यात, सगळीकडे घाला,” ते म्हणाले, आणि टबातलं वाक्य तसंच निथळत झबल्यांवर गेलं, दुपट्यांवर गेलं, एकदा तर उशीच्या अभ्र्यावर गेलं. तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. आता दुकानाच्या पांढऱ्या उजेडात जपूनराव त्या ओळीकडे पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून बघत होते आणि त्यांना काही केल्या अर्थ लागेना. पांघरुणात एकटं सोडायचं नाही म्हणजे काय? दुसरं कुणी आत शिरायचं? की बाळ झोपेस्तोवर उभं राहायचं? आणि झोपल्यावर? सांगणारा एवढ्या ठामपणे सांगतोय म्हणजे त्याला काहीतरी नक्की माहीत असणार, असं त्यांना वाटलं. आणि सांगणाऱ्याला काहीही माहीत नव्हतं, हे या दुकानात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी मात्र मनापासून दाखवत होती. हे लोकरी, ऊब धरतं, पण याचे तंतू सुटतात आणि बाळं सगळं तोंडात घालतात. हे मांजराच्या पाठीसारखं मऊ, सगळे हेच नेतात, पण आत घाम फार येतो. हे भोकाभोकांच्या विणीचं, सुती, हवा खेळते. “भोकं हवीत,” जपूनराव घाईघाईनं म्हणाले. “हवीत, पण मोठी नकोत. बोट अडकतं.” “मग छोटी.” “छोटी फार असली तर मग ते भोकांचं राहत नाही ना, काका.” हे इतकं खरं होतं की जपूनरावांनी मान डोलावली. त्यांना झालर दाखवण्यात आली, गोंडे दाखवण्यात आले, सशाचे कान शिवलेली टोपी असलेलं एक दाखवण्यात आलं, आणि प्रत्येक वाखाणून झाल्यावर मुलगी आवाज खाली आणून म्हणायची, “तसं बघितलं तर नाहीच घेतलेलं बरं.” एक पांघरूण जड होतं, आत बारीक मणी भरलेले. “बाळाला मिठीत असल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “आणि मिठीतून सुटावंसं वाटलं तर?” मुलीनं पांघरूण उलटंपालटं केलं. “तसं काही दिलेलं नाही यात,” ती म्हणाली आणि ते परत घडी करून ठेवलं. दुकानाच्या मधोमध एक कॉट मांडली होती आणि तिच्यात एक बाहुली झोपवली होती. डोक्याखाली उशी, कडेनं गुबगुबीत लोड, उशाशी तीन अस्वलं, आणि अंगावर हनुवटीपर्यंत ओढलेली रेशमी दुलई. जपूनरावांनी जन्मभर जे जे नको म्हणून लिहिलं ते सगळं तिथं एकवटलं होतं आणि बाहुलीचे गाल गुलाबी होते. “हे असं चालतं?” त्यांनी विचारलं. “छे! असं मुळीच करायचं नाही,” मुलगी म्हणाली. “दिसायला बरं दिसतं म्हणून ठेवलंय.”

हे सगळं ज्या फोनमुळे घडलं तो लेकीचा फोन तसा साधा होता. “बाबा, शनिवारी या ना. तिच्याजवळ तासभर बसाल? आम्हांला जरा बाहेर जायचंय. आणि येताना एखादं पांघरूण आणा, साधंसं. नीट बघून आणा हं.” फोन ठेवल्यावर जपूनरावांनी ‘साधंसं’ एका बाजूला आणि ‘नीट बघून’ दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि त्या दोघांत त्यांना दिवसभर चैन पडलं नाही. सोमवारपासून लेक कामावर परत जाणार होती. बाळाला कोण बघणार हे अजून ठरलं नव्हतं, किंवा ठरलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं. विहीणबाई तयारच होत्या. त्यांचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ऐसपैस, खालच्या मजल्यावर. त्यांनी आपली पोरं वाढवली, दिरांची वाढवली, आणि त्यांना कशाचाही प्रश्न पडत नसे. बाळ तिकडे गेलं असतं तर जपूनरावांना ते रविवारी दिसलं असतं, तोंड पुसलेलं. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुपार फार वाढली होती. एक दुपार संपली की तिच्या खालून दुसरी निघायची. बाळ मी बघतो, असं म्हणायचं त्यांच्या मनात कितीतरी दिवस होतं. पण म्हणायला तोंड उघडलं की “तुम्हांला सोयीचं पडेल तसं करा” हेच बाहेर पडायचं, आणि लेक “बरं” म्हणायची. तेव्हा शनिवार ही परीक्षा आहे आणि पांघरूण हा तिचा पहिला पेपर आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती. शेवटी त्यांनी ते भोकाभोकांचं सुती घेतलं. का, ते विचारू नये. मुलीनं ते तिसऱ्यांदा पुढे केलं तेव्हा तिच्या हाताला कळ आल्यासारखी वाटली, एवढंच.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन जपूनराव बसले आणि दोन थांबे गेल्यावर त्यांना वाटलं, भोकं आहेत खरी. पण श्वास जातो की नाही, हे कुणी पाहिलंय? मुलीनं सांगितलं, मुलीला कंपनीनं सांगितलं, आणि कंपनीला कुणी सांगितलं असेल हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पांघरूण बाहेर काढलं, चष्मा खिशात ठेवला, आणि ते डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत खाली ओढलं. “बरं वाटत नाहीये का?” शेजारून आवाज आला, शेजारी एक लठ्ठसा माणूस बसला होता. “नाही, ठीक आहे. श्वास बघतोय,” जपूनराव आतून म्हणाले. “कुणाचा?” “नातीचा.” शेजाऱ्यानं नातीसाठी इकडेतिकडे पाहिलं असावं, मग त्यानं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतल्याची सळसळ ऐकू आली. आत उजेड होता, पाणी घातलेल्या दुधासारखा. नव्या कापडाचा, पिठाचा असतो तसा कोरडा वास होता. श्वास येत होता, जात होता, नाकाशी कापड थोडं ओलसर होत होतं, रस्ता आणि माणसं लांब गेली होती, आणि आत फार बरं वाटत होतं. हीच तर पंचाईत होती. गुदमरलं असतं तर समजलं असतं. बरं वाटण्याचं काय करायचं? आणि त्या पांढुरक्या उजेडात ती खोली आली, न बोलावता, नेहमी यायची तशी. भाड्याची खोली, खिडकीला कागद चिकटवलेला, दुपार. लेक एवढीशी, पलंगावर. अंगावर पांघरूण आणि पांघरूण वर सरकून तोंडावर गेलेलं. जिथं तोंड असायला हवं तिथं नुसता कापडाचा उंचवटा, न हलणारा. मग एक हात येतो आणि पांघरूण ओढून काढतो आणि लेक लालभडक तोंडानं केवढ्यानं तरी रडायला लागते. ही हकीकत जपूनरावांनी वर्षानुवर्षं सांगितली होती. “मी काहीतरी विसरलो म्हणून कचेरीतून घरी आलो नि बघतो तर काय,” अशी तिची सुरुवात असायची. बायको जवळच असायची, तेव्हा ती काहीतरी आवरत असायची, आणि हकीकत संपली की “घ्या, चहा गार होतोय,” म्हणायची. ती गेल्यानंतर कधीतरी, दाढी करताना, जपूनरावांना तो हात नीट दिसला. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. बारीक पट्ट्याचं, नखाएवढ्या तबकडीचं. बायकांचं. जपूनरावांचं घड्याळ त्या काळी स्टीलचं होतं, पेल्याच्या बुडाएवढं. म्हणजे हात त्यांचा नव्हता? मग ते कुठं होते? दारात असणार, कारण दारातूनच ती खोली तशी दिसते. दारात किती वेळ होते? आत्ताच आले होते, की येऊन उभे होते आणि त्या उंचवट्याकडे बघत, हे बरोबर आहे की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं? पांघरुणाचा रंग आठवला असता तर बाकीचंही आठवलं असतं असं त्यांना वाटायचं, पण रंग कधी हिरवा असायचा, कधी निळा, आणि आता, बसमध्ये, तो पांढरा होता आणि त्याला भोकं होती. बायकोला विचारता आलं असतं. पण ती होती तोवर हात त्यांचाच होता. “ओ काका, शेवटचा थांबा आला,” कंडक्टरचा आवाज आला. जपूनरावांचा थांबा केव्हाच मागं गेला होता.

ते चालत मागं येऊन लेकीच्या घरी पोचले तेव्हा विहीणबाई आधीच आलेल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक दुलई आली होती. दुलईला एक सबंध खुर्ची दिलेली होती. “या, बसा,” विहीणबाई म्हणाल्या, आणि कुठं बसायचं हे न सुचून जपूनराव उभेच राहिले. “बघू तरी काय आणलंत? अग्गोबाई, ही तर चाळण! हिच्यातून थंडी गाळून घ्यायची का?” जावई हसला, मग बायकोकडे बघून त्यानं हसू आवरतं घेतलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. “माझी तिन्ही पोरं या दुलईखाली वाढलीत,” विहीणबाई म्हणाल्या. “हा समोर उभा आहे, बघून घ्या. काही झालंय का याला?” जावयाला सगळ्यांनी बघून घेतलं. “चांगलं आहे हो बाबा, हलकं आहे,” लेक म्हणाली. तिनं पांघरूण हातात घेऊन चुरगाळलं, गालाला लावलं, उजेडासमोर धरलं, मग कोपरा चाचपला. “ती कात्री घ्या जरा आणि ही पट्टी कापून टाका. टोचते तिला.” “वाचलीस का?” “काय वाचायचं असतं त्यात?” जपूनरावांनी कात्री घेतली आणि शिवणीलगत, धागा उसवणार नाही अशा बेतानं, पट्टी कापली. एवढी वर्षं ते काम केलं, पण ती कापायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. “आणि हे तिच्या अंगावर कॉटमध्ये नाही घालायचं हं,” लेक म्हणाली. “डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. कॉटमध्ये सुटं काहीच नको. ती तिच्या झोपायच्या पिशवीत असते, हात बाहेर, पाय आत.” “मग पांघरूण कशाला मागवलंस?” “मांडीवर घेताना. बाबागाडीत. खाली टाकायला. लागतं हो सारखं.” जपूनराव मान हलवत राहिले. दुकानात घालवलेली ती सगळी दुपार, ती भोकं, तो बसमधला श्वास, एका न होणाऱ्या झोपेसाठी होतं तर. पेपर चांगला गेला होता की विषयच दुसरा होता, हे त्यांना कळेना. निघताना विहीणबाई दारातून मागं आल्या. त्यांना घरी सोडायलाच जावई नि लेक निघाले होते, आणि येताना बाळाचं काहीबाही आणायचं होतं. “ह्यांचं काय ऐकता,” त्या हळूच म्हणाल्या. “पाय गार पडले की घाला दुलई. तुम्ही काय, एक पोर वाढवलेले आहात.” दार लागलं. खुर्चीवर दुलई बसली होती.

आतल्या खोलीत बाळ झोपलं होतं. जपूनराव कॉटच्या कठड्याशी गेले आणि त्यांनी आपली नात झोपलेली पाहिली. जागेपणी ती लेकीसारखी दिसायची. झोपेत ती कुणासारखीच दिसत नव्हती, आणि याचं त्यांना थोडं भय वाटलं. ती उताणी होती, दोन्ही हात डोक्याच्या दोन बाजूंना टाकलेले, कुणीतरी दरडावल्यावर वर करतात तसे. पिशवी तिच्या पायांशी सैल होती. लाथाडते की गप पडते? गप पडली होती. मध्येच तिचा श्वास थांबला, जपूनरावांचाही थांबला, मग तिनं भराभर दोन-तीन श्वास घेतले आणि पुन्हा संथ झाली, आणि जपूनराव मात्र धापा टाकत राहिले. त्यांनी तिच्या तळहाताला बोट लावलं. गार. नुसता गार नव्हे, चांगला गार. त्यांनी आपलं बोट आपल्या गालाला लावून पाहिलं, तर तेही गार लागलं. मग कोण कुणाला गार लागत होतं? त्यांनी फोन लावला. “हात गार लागतायत तिचे.” “हातांचं नका बघू, बाबा. हात गारच असतात. मानेमागं बघा, दोन बोटं घालून.” त्यांनी पाहिलं. “मान गरम आहे.” “मग झालं.” झालं म्हणून ते बाहेर येऊन बसले आणि बसल्यावर त्यांच्या मनात आलं, गरम म्हणजे किती? जास्त गरम तर नव्हती? आत जाऊन पुन्हा पाहिलं. मघाशी होती तशीच होती, पण मघाशी कशी होती? त्यांनी फोन लावला. या वेळी मागून विहीणबाईंचा आवाज आला, “दुलई घाला म्हणावं एकदाची! तिलाही झोप आणि ह्यांनाही!” आणि जावयाचा “आई, तू थांब गं,” असा. “बाबा, घाम आहे का मानेवर?” लेकीनं विचारलं. “नाही. म्हणजे मला आहे.” “मग ठीक आहे.” पण तेवढ्यात खिडकीच्या काचेवरून ऊन सरकलं आणि खोली एकदम राखाडी झाली, आणि जपूनरावांच्या हातात पांघरूण होतं. ते त्यांनी केव्हा उचललं त्यांना आठवेना. लेकीनं नको म्हटलं होतं. विहीणबाईंनी घाला म्हटलं होतं. हात गार होते, मान गरम होती, आणि या दोन टोकांमध्ये असलेल्या एवढ्याशा बाळाला नेमकं काय होत होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पांघरूण तिच्या पोटापर्यंत पसरलं, अगदी हलकेच. ती हलली. पिशवीतले पाय एकदम वर आले, खाली आपटले, पुन्हा वर आले, आणि प्रत्येक लाथेला कापड वर सरकलं. पोटावरून छातीवर, छातीवरून गळ्यापाशी. जपूनराव बघत होते. कापड हनुवटीला लागलं तेव्हा त्यांना जाणवलं, की आपण दारात उभे आहोत. ते कठड्याशीच होते, पांघरुणापासून वीतभर अंतरावर, पण दारात होते. आणि तो दुसरा, बारीक पट्ट्याच्या घड्याळाचा हात आता येईल, अशी वाट बघत होते. तो आला नाही. कापड एकदम दूर झालं, कठड्यावरून बाहेर पडलं, त्यांच्याच पायावर. हात कुणाचा होता ते त्यांनी पाहिलंच नाही. ते बाळाकडे बघत होते. ती डोळे उघडून त्यांच्याकडे बघत होती, रडत नव्हती, नुसती बघत होती, हा कोण बुवा, अशा चेहऱ्यानं. “मलाही तेच विचारायचंय,” जपूनराव म्हणाले. मग त्यांनी फोन लावला आणि जे केलं ते सांगून टाकलं. “काढलंत ना?” लेकीनं विचारलं. “काढलं.” “जागी आहे?” “आहे. माझ्याकडे बघतेय.” “मग घ्या तिला,” लेक म्हणाली. “येतोच आम्ही.” त्यांनी तिला उचललं, खांद्याशी धरलं, आणि खोलीत येरझाऱ्या घालत तिला एकेक गोष्ट विचारत राहिले. थंडी वाजते का गं? नाही? मग उकडतंय? तेही नाही? मग मधलं काही असतं का? दर फेरीला ते दोन बोटं तिच्या मानेमागं घालून बघत आणि दर फेरीला त्यांना नव्यानं शंका येई. फोन त्यांनी मग आणखीही केले. किती, ते त्यांना सांगता आलं नसतं. एक तर ती शिंकली म्हणून केला होता.

लेक परत आली तेव्हा ती चपला न काढताच आत आली. तिनं बाळाला घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, मानेमागं पाहिलं. “लाल झालीय इथं,” ती म्हणाली. “किती वेळा बोटं घातलीत?” “बरीच,” जपूनराव म्हणाले. पांघरूण अजून जमिनीवरच होतं. ते वाकून त्याची घडी घालायला लागले, आणि त्या भोकाभोकांच्या कापडाची काही केल्या घडी बसेना. “मला काहीच कळलं नाही गं,” ते घडीकडे बघत म्हणाले. “कधी घालायचं, कधी काढायचं. तू सांगितलंस तेव्हा कळल्यासारखं वाटायचं आणि फोन ठेवला की जायचं.” “हो, ते ऐकू येत होतं,” लेक म्हणाली. “गाडीत सगळ्यांनाच.” स्वयंपाकघरात जावई पिशव्या रिकाम्या करत होता. लेकीनं दार जरा लोटून घेतलं. “गेल्या रविवारी हिला आईंकडे ठेवलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “दोन तास. एकसुद्धा फोन आला नाही. मी किती खूश होते. म्हटलं, किती निवांत आहे सगळं. परत गेलो तर...” तिनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांच्या उलट्या दिशेनं. “केस ओले चिंब होते. घामानं. दुलई इथपर्यंत. आणि त्या म्हणतात, बघ कशी गाढ झोपलीय. रागावणार कुणावर? त्यांना खरंच तसं वाटत होतं.” जपूनरावांनी खुर्चीवरच्या दुलईकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंड उघडलं, आणि “तुम्हांला सोयीचं पडेल तसं” हे शब्द जिभेच्या टोकावर आले, पण त्यांच्या आधी दुसरंच काहीतरी निसटलं. “मी बघू का हिला?” ते म्हणाले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. लेकीनं त्यांच्याकडे बघितलं, मघाशी बाळानं बघितलं होतं तसंच. “सोमवारी आठला या,” ती म्हणाली. “मी निघेन लगेच.”

जिना उतरताना जपूनरावांना आनंद व्हायला हवा होता आणि बहुधा तो होतही होता, पण नेमका कुठं ते सापडत नव्हतं. परीक्षेत आपण चुकलो होतो, तरी पास झालो होतो. चुकल्यामुळेच झालो होतो. मग यापुढं चुकायचं की नाही? शिकून घेतलं आणि सगळं समजायला लागलं तर लेकीला काळजी वाटेल का? सोमवारी ती दिवसभर कामात असणार, शिंकेशिंकेला फोन घेणार कशी? आणि आठ म्हणजे कुठले आठ? सकाळचेच असणार, कामावर माणसं सकाळीच जातात. पण हल्ली रात्रीचीही कामं असतात, आणि लेक काय काम करते हे त्यांनी तिला दोन-तीनदा विचारून, समजल्यासारखी मान हलवली होती. खालच्या दरवाजापर्यंत ते पोचले, रस्त्यावर एक पाय ठेवला, आणि वळले. पुन्हा सगळा जिना चढताना त्यांनी प्रश्न नीट जुळवून ठेवला, हसण्यावारी नेता येईल असा. दारापाशी दम घेतला आणि बेलकडे बोट नेलं. बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. लेक खांद्याशी बाळ घेऊन उभी होती.

“सकाळी,” ती म्हणाली.